एसएनडीटी महिला विद्यापीठ : सरकारी मान्यतेशिवाय ३५ वर्षं चाललेलं विद्यापीठ; इतिहास, उद्देश आणि नेतृत्व

बारावीचा निकाल लागला की गावागावांत कॉलेजांची चौकशी सुरू होते. फी किती, होस्टेल आहे का, एसटी वेळेवर मिळते का, हे सगळं विचारून होतं. ‘या विद्यापीठाची डिग्री चालते का?’ हा प्रश्न मात्र बऱ्याचदा शेवटी येतो, तर कधी विचारायचाच राहून जातो. मुंबईतल्या चर्चगेटच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाला हाच प्रश्न लोक तब्बल ३५ वर्षं विचारत होते. १९१६ साली सुरू झालेल्या या विद्यापीठामागे कुठलाही कायदा नव्हता, सरकारी अनुदान नव्हतं. होती ती फक्त लोकांची वर्गणी आणि धोंडो केशव कर्वे नावाच्या निवृत्त गणित प्राध्यापकाची चिकाटी. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे हे कर्वे मास्तर म्हणजेच पुढचे महर्षी, भारतरत्न अण्णासाहेब कर्वे.

आज हे विद्यापीठ राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांपैकी एक आहे आणि त्याची पदवी इतर कुठल्याही सरकारी विद्यापीठाइतकीच चालते. पण सुरुवातीला ते खाजगीच होतं. ते कसं उभं राहिलं, कोणी चालवलं, पैसा कुठून आला आणि मान्यता नसल्याची किंमत कोणी मोजली, हे आज खाजगी विद्यापीठांच्या जाहिराती मोबाईलवर रोज दिसत असताना माहीत असायला हवं.

एका नजरेत

• पूर्ण नाव : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ
• स्थापना : ३ जून १९१६, पुणे
• संस्थापक : महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२)
• मुख्यालय : चर्चगेट, मुंबई (१९३६ पासून)
• इतर परिसर : जुहू (मुंबई) आणि कर्वे रोड (पुणे)
• कायदेशीर दर्जा : १९४९ चा कायदा, १९५१ पासून अंमल
• ब्रीदवाक्य : संस्कृता स्त्री पराशक्ती

मुरूड ते गिरगाव

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आजोळी शेरवलीला. घर मुरूडचं. घरची परिस्थिती बेताची. त्या काळी सरकारी नोकरीसाठी एक परीक्षा द्यावी लागे आणि ती साताऱ्याला होती. पावसाळ्याचे दिवस, बोटीची सोय नाही. मग कर्वे आणि त्यांचे सोबती सह्याद्रीचे घाट ओलांडून चालत साताऱ्याला पोहोचले. तिथल्या अधिकाऱ्याने या बारक्या मुलाकडे पाहिलं, वय कमी वाटतंय म्हणून सांगितलं आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. कागदावरच्या एका शेऱ्याने माणसाची वाट कशी अडते, हे त्यांनी असं लहानपणीच पाहिलं.

पुढे ते मुंबईला आले. गिरगाव भागात राहायचं, शिकवण्या करायच्या आणि त्या पैशावर शिकायचं, असा कोकणातल्या कित्येक मुलांचा तेव्हाचा शिरस्ता होता. कर्वेही तसेच शिकले. रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ ला मॅट्रिक, मग विल्सन आणि एल्फिन्स्टन कॉलेज, आणि १८८४ ला गणित घेऊन बी.ए. पदवी मिळाल्यावर मुंबईतच ते शाळांतून शिकवू लागले. मुंबईत कमावणाऱ्या मुरूडकरांनी गावासाठी थोडे थोडे पैसे बाजूला काढावेत म्हणून त्यांनी ‘मुरूड फंड’ही सुरू केला. चाकरमान्यांच्या आजच्या ग्रामस्थ मंडळांचंच हे जुनं रूप म्हणायचं. थेंबे थेंबे वर्गणी गोळा करायची आणि पैन् पैचा हिशोब ठेवायचा, ही सवय त्यांना इथून लागली. ती पुढे आयुष्यभर कामी आली.

१८९१ साली पहिली पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई या त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या बहीण. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली गिरगाव चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ काढलं, तेव्हा तिथे राहून शिकणाऱ्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत्या. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. लोक त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखतात.

या लग्नामुळे मुरूड गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं. ज्या गावासाठी फंड उभा केला, त्याच गावात पाय ठेवणं मुश्कील झालं. घरच्यांनाही त्रास झाला. तरी कर्व्यांनी गावाशी भांडण उकरून काढलं नाही. १८९६ साली त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि काही वर्षांत तो शहराबाहेर हिंगण्याला नेला. १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू झालं. विद्यापीठाचं बी इथलंच.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात आश्रमात प्रामुख्याने ब्राह्मण विधवाच होत्या. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८४८ सालीच मुलींची शाळा काढली होती आणि ती सगळ्या जातींच्या मुलींचा विचार करून. कर्व्यांच्या कामाची सुरुवात त्या मानाने एका समाजाच्या चौकटीत झाली. ही चौकट पुढे रुंदावत गेली.

जपानहून आलेली कल्पना

१९१५ साली कर्व्यांना टपालाने एक पुस्तिका आली. पाठवली होती बनारसच्या शिवप्रसाद गुप्त यांनी. तिच्यात टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती होती. जिन्झो नारुसे यांनी ते १९०१ साली सुरू केलं होतं. कर्व्यांनी ती चाळून बाजूला ठेवली. पण त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला भरणाऱ्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. भाषणाची तयारी करताना पुस्तिका पुन्हा हाती लागली आणि या वेळी त्यांनी ती नीट वाचली. परिषदेत त्यांनी थेट प्रस्तावच मांडला, की भारतात महिलांचं वेगळं विद्यापीठ हवं.

मुंबई विद्यापीठ १८५७ पासून होतं आणि १८८३ पासून तिथे महिलांना पदवीची दारंही उघडी झाली होती. कॉर्नेलिया सोराबजी १८८७ साली त्या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. मग वेगळ्या विद्यापीठाची गरज काय? कर्व्यांचं म्हणणं साधं होतं. तिथे सगळे विषय इंग्रजीतून शिकावे लागतात. मुलींची लग्नं लवकर होतात. शिकायला मिळतात ती मोजकी वर्षं, आणि त्यातली निम्मी नुसती इंग्रजी पचवण्यात जातात. अशाने हजारात एखादीच पदवीपर्यंत पोहोचणार. बाकीच्यांचं काय?

विद्यापीठाचा उद्देश काय होता?

नव्या विद्यापीठाचे नियम या विचारातूनच ठरले :

• सगळं शिक्षण मातृभाषेतून. मराठी मुलीला मराठीत, गुजराती मुलीला गुजरातीत.
• इंग्रजी हा विषय सक्तीचा, पण माध्यम इंग्रजी नाही.
• आरोग्य, गृहव्यवस्था, बालसंगोपन अशा विषयांना पदवीच्या अभ्यासात जागा.
• कॉलेजात रोज येणं शक्य नसेल, तर घरी अभ्यास करून बाहेरून परीक्षा देण्याची सोय.

पदव्यांची नावंही वेगळी ठेवली. बी.ए.च्या जागी ‘गृहीतागमा’ म्हणजे जी.ए. आणि त्यापुढची ‘प्रदेयागमा’ म्हणजे पी.ए.

यातला मातृभाषेचा मुद्दा आजही जिवंत आहे. गावच्या मराठी शाळेतून बारावी झालेली मुलगी पहिल्या वर्षाला इंग्रजी पुस्तकांपुढे हबकते, तेव्हा तिची अडचण कर्व्यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितली तीच असते.

टीकाही कमी झाली नाही. मुलींना वेगळा, सोपा अभ्यासक्रम दिला तर त्यांची पदवी दुय्यम ठरेल आणि त्या पुन्हा स्वयंपाकघरातच अडकतील, असं सुधारकांमधल्याही अनेकांना वाटत होतं. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावं, हा आगरकरांचा विचार महाराष्ट्रात आधीच रुजला होता. महात्मा गांधींना मातृभाषेचा आग्रह पटला होता. इंग्रजी सक्तीची ठेवणं मात्र रुचलं नव्हतं. तरीही त्यांनी वर्षाला दहा रुपये वर्गणी देऊ केली.

पाच विद्यार्थिनी आणि पाच-दहा रुपयांची वर्गणी

३ जून १९१६ रोजी पुण्यात विद्यापीठाच्या सिनेटची पहिली सभा झाली आणि ‘भारतवर्षीय महिला विद्यापीठ’ सुरू झालं. हिंगण्याच्या महिला पाठशाळेत पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या पाच. १९२१ साली पाच जणींनी पदवी घेतली. आकडा लहान वाटेल, पण त्या काळी एकेका मुलीला पदवीपर्यंत आणणं म्हणजे एकेका घराशी लढाई होती. बाप तयार झाला तर सासर अडून बसायचं.

सरकारी सही-शिक्का नसताना विद्यापीठ काढता कसं आलं, असा प्रश्न पडेल. कारण तेव्हा तसं करायला कायद्याची आडकाठी नव्हती. वर्षाला पाच-दहा रुपये वर्गणी देणाऱ्या सभासदांनी आपले प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी कारभार पाहायचा, अशी रचना होती. एका अर्थाने ही लोकांची सोसायटीच. कर्वे गावोगाव फिरून वर्गणी मागत. पाच रुपये देणाऱ्यालाही पावती आणि वर्षाचा हिशोब मिळे. बाया कर्व्यांच्या बहीण पार्वतीबाई आठवले यांनी तर संस्थेसाठी देशभर आणि थेट अमेरिकेपर्यंत प्रवास केला. त्या स्वतः विधवा होत्या आणि आश्रमातच शिकल्या होत्या.

गिरणगावातून आलेले १५ लाख

विद्यापीठाला खरं बळ मिळालं ते १९२० साली. मुंबईचे गिरणी मालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांनी आई नाथीबाई यांच्या नावाने १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्या रकमेवर साडेतीन टक्के दराने वर्षाला ५२,५०० रुपये व्याज विद्यापीठाला मिळायचं होतं. १९१९ साली ठाकरसी हे विश्वेश्वरय्यांसोबत जपानला गेले होते आणि कर्व्यांनी ज्याबद्दल वाचलं होतं ते महिला विद्यापीठ त्यांनी तिथे प्रत्यक्ष पाहिलं होतं. देणगीनंतर विद्यापीठाला नाथीबाईंचं नाव मिळालं आणि पुढेमागे मुख्यालय मुंबईला न्यायचं हेही ठरलं. लोकांच्या तोंडी आज असलेलं ‘एसएनडीटी’ हे त्याच नावाचं आद्याक्षरी रूप.

हा पैसा कुठला होता? ठाकरसी घराण्याच्या कापड गिरण्यांचा. प्रभादेवीची क्राऊन मिल, सात रस्त्याजवळची हिंदुस्थान मिल ही नावं गिरणगावातल्या जुन्या लोकांना आजही ठाऊक आहेत. परळ, लालबाग, प्रभादेवीच्या गिरण्यांत राबणारे हात मोठ्या प्रमाणात रत्नागिरी, सातारा आणि घाटावरच्या इतर जिल्ह्यांतले होते. तेव्हा पाटी लागली शेठजींच्या आईच्या नावाची, पण त्या १५ लाखांमागे चाळीतल्या खोलीत दहा-बारा जणांनी राहून भरलेल्या पाळ्याही होत्या. त्या कामगारांच्या मुली मात्र त्या काळात विद्यापीठापर्यंत क्वचितच पोहोचल्या असतील. हा हिशोब इतिहासात सहसा लिहिला जात नाही.

ठाकरसींची आणखी एक ओळख शेतकऱ्यांच्या जवळची आहे. १९११ साली लल्लूभाई सामळदास यांच्यासोबत त्यांनी बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक उभी केली. तीच आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक. जिल्हा बँक आणि गावच्या सोसायटीमार्फत येणाऱ्या पीक कर्जाच्या साखळीचं वरचं टोक ते हेच. ठाकरसी १९२२ साली, पन्नाशीही गाठायच्या आत वारले.

सत्तरी ओलांडल्यावर जगाची फेरी

ठाकरसींच्या देणगीने सगळा खर्च भागत नव्हता. १९२९ साली, वयाच्या ७१ व्या वर्षी कर्वे युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले. जर्मनीत त्यांची आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. जपानमध्ये, जिच्यावरून सगळं सुचलं ती संस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिली. परत येऊन थोडी विश्रांती घेतली न घेतली तोच, १९३० च्या अखेरीला ते आफ्रिकेला गेले आणि केनिया, युगांडा, झांजिबारपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या भारतीय व्यापाऱ्यांकडून विद्यापीठासाठी निधी जमवला.

१९३१ साली मुंबईत विद्यापीठाचं कॉलेज सुरू झालं आणि १९३६ मध्ये मुख्यालयच मुंबईत आलं. १९३१ ते १९३६ या काळात विद्यापीठाच्या कुलसचिव होत्या इरावती कर्वे, म्हणजे अण्णांच्या सूनबाई आणि पुढे नावाजलेल्या समाजशास्त्रज्ञ व लेखिका. मुंबईशिवाय अहमदाबाद, बडोदा अशा ठिकाणीही विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं होती आणि त्याखालोखाल कन्याशाळा.

३५ वर्षांची किंमत कोणी मोजली?

विद्यापीठ वाढत होतं, पण मान्यता येत नव्हती. त्याचा फटका बसला तो शिकलेल्या मुलींना. एखादी जी.ए. झाली तरी सरकारी नोकरीच्या अर्जात ती पदवी धरली जात नसे. दुसऱ्या विद्यापीठात पुढचं शिक्षण घ्यायचं तर दार बंद. नोकरी मिळायची ती मुख्यतः विद्यापीठाशी जोडलेल्या कन्याशाळांत किंवा कर्व्यांच्या कामाची कदर असणाऱ्या संस्थांत. म्हणजे वडिलांनी विरोध पत्करून मुलीला शिकवायचं, मुलीने रात्रंदिवस अभ्यास करायचा, आणि शेवटी कचेरीतल्या कारकुनाने म्हणायचं की ही डिग्री आमच्या यादीत नाही.

कर्व्यांना हे माहीत होतं. मान्यतेसाठी त्यांनी प्रयत्नही केले. पण मान्यता मिळवायची म्हणून मातृभाषा सोडायची, ही तडजोड त्यांनी केली नाही. ते बरोबर होते की नाही, यावर तेव्हा दोन मतं होती. एवढं खरं, की या हट्टाची शिक्षा भोगली ती पहिल्या पस्तीस वर्षांतल्या विद्यार्थिनींनी. विद्यापीठाच्या इतिहासात नाव येतं संस्थापकाचं आणि देणगीदाराचं. त्याच रांगेत या मुलींचाही मान आहे.

स्वातंत्र्यानंतर वाट मोकळी झाली. १९४९ साली मुंबई विधिमंडळाने विद्यापीठाचा कायदा केला आणि १९५१ पासून एसएनडीटी हे कायद्याने मान्य विद्यापीठ झालं. संस्थापक तेव्हा ९३ वर्षांचे होते आणि हा दिवस पाहायला हयात होते.

नेतृत्व : कर्व्यांनी खुर्ची घेतली नाही

१९१६ साली पहिले कुलपती झाले डॉ. रा. गो. भांडारकर आणि पहिले कुलगुरू रँग्लर र. पु. परांजपे. परांजपे हे कर्व्यांचे नातलग आणि दापोली तालुक्यातल्याच मुर्डीचे. म्हणजे देशातल्या पहिल्या महिला विद्यापीठाचे संस्थापक आणि पहिले कुलगुरू दोघेही एकाच तालुक्याचे. ही दोन्ही मोठी पदं कर्व्यांनी स्वतःकडे ठेवली नाहीत. त्यांनी काम निवडलं ते वर्गणी गोळा करायचं.

महिलांचं विद्यापीठ सुरुवातीला पुरुषच चालवत होते, हेही खरं. कायदेशीर मान्यता मिळाल्यावर पहिल्या कुलगुरू झाल्या लेडी प्रेमलीला ठाकरसी, सर विठ्ठलदासांच्या पत्नी. तरुण वयात वैधव्य आलेल्या या बाईंनी पतीची देणगी नुसती दिली नाही, तर पुढची अनेक दशकं संस्था स्वतः उभी केली. जुहूच्या परिसरातलं प्रेमलीला विठ्ठलदास पॉलिटेक्निक त्यांच्याच नावाचं.

त्यानंतर या पदावर अनेक नामवंत महिला आल्या. डॉ. माधुरी शहा पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या अध्यक्ष झाल्या. समाजशास्त्रज्ञ डॉ. सुमा चिटणीस १९९० च्या दशकात कुलगुरू होत्या. अलीकडच्या काळात डॉ. शशिकला वंजारी आणि त्यांच्यानंतर डॉ. उज्ज्वला चक्रदेव यांनी हे पद सांभाळलं. राज्याच्या इतर सार्वजनिक विद्यापीठांप्रमाणे इथेही कुलपती राज्यपाल असतात.

१९७४ साली समाजशास्त्रज्ञ नीरा देसाई यांच्या पुढाकाराने इथे स्त्री-अभ्यास संशोधन केंद्र सुरू झालं. देशातल्या विद्यापीठांमधलं ते पहिलं. स्वयंपाक आणि बालसंगोपन शिकवणारं म्हणून ज्या विद्यापीठाला नावं ठेवली गेली, तिथेच बायकांच्या घरकामाचा, मजुरीचा आणि हक्कांचा अभ्यास सुरू झाला.

आज इथे काय शिकता येतं?

कला, वाणिज्य, गृहविज्ञान, शिक्षणशास्त्र, कायदा, नर्सिंग, फार्मसी आणि इंजिनिअरिंग असे अभ्यासक्रम विद्यापीठात आहेत. नर्सिंग कॉलेज १९६४ पासून, तर इंजिनिअरिंगची उषा मित्तल संस्था १९९७ पासून सुरू आहे. घरून शिकणाऱ्यांसाठी दूरशिक्षणाचा विभाग आहे. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायकांना या सोयीचा सर्वांत जास्त उपयोग होतो, आणि ही सोय विद्यापीठाच्या मूळ कल्पनेतलीच आहे. राज्यभर अनेक महिला महाविद्यालयं एसएनडीटीशी संलग्न आहेत. अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूर इथेही विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं आहे.

चर्चगेट स्टेशनला उतरलं की विद्यापीठ चालत गाठता येतं. पत्ता नाथीबाई ठाकरसी मार्ग. जवळूनच जाणारा, मरीन लाइन्स आणि गिरगावच्या बाजूने पुढे जाणारा जुना क्वीन्स रोड आता महर्षी कर्वे मार्ग आहे. ज्या भागात शिकवण्या करून कर्वे शिकले, त्याच भागातला हा रस्ता.

कर्व्यांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली भारतरत्न मिळालं. त्याच वर्षी शंभराव्या वाढदिवसाला त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. हयात असताना भारतीय टपाल तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षात त्यांचं निधन झालं. विद्यापीठाचं मुख्यालय मुंबईला गेलं त्याच १९३६ साली त्यांनी ज्या गावांत शाळाच नव्हती तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ सुरू केलं होतं, हे मात्र फार लोकांना माहीत नसतं.

पालकांनी काय तपासावं?

कर्व्यांच्या काळी कायद्याशिवाय विद्यापीठ काढता येत होतं. आज येत नाही. १९५६ च्या यूजीसी कायद्यानुसार, केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं किंवा केंद्राने अभिमत दर्जा दिलेलं विद्यापीठच पदवी देऊ शकतं. बाकी कोणालाही स्वतःला ‘विद्यापीठ’ म्हणवून घेता येत नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एवढं पाहावं :

१. यूजीसीच्या वेबसाईटवर केंद्रीय, राज्य, अभिमत आणि खाजगी विद्यापीठांच्या वेगवेगळ्या याद्या असतात. विद्यापीठाचं नाव त्यात आहे का ते मोबाईलवरच बघता येतं. बनावट विद्यापीठांची यादीही तिथेच असते.

२. खाजगी विद्यापीठाला दुसऱ्यांची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. तालुक्याच्या गावातला एखादा क्लास ‘आम्ही अमुक खाजगी विद्यापीठाशी संलग्न’ असं सांगत असेल, तर सावध व्हावं.

३. नर्सिंग, फार्मसी, बी.एड., कायदा, इंजिनिअरिंग अशा अभ्यासक्रमांना विद्यापीठाशिवाय त्या त्या परिषदेची मान्यताही लागते. ती आहे का, आणि याच वर्षासाठी आहे का, ते विचारावं.

४. घरून शिकायचं असेल, तर त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची परवानगी हवी.

५. राज्य सरकारच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत लागू नाही. त्यामुळे विद्यापीठ सरकारी की खाजगी, यावर घरच्या हजारो रुपयांचा फरक पडतो.

६. फीची छापील पावती घ्यावी. रोख रक्कम कुणा एजंटच्या हातात देऊ नये.

खाजगी म्हणजे वाईट, असं नाही. एसएनडीटी स्वतः पस्तीस वर्षं खाजगीच होतं, आणि पाच रुपयांच्या वर्गणीचाही हिशोब ते लोकांपुढे ठेवत होतं. तेव्हा मुलीचं नाव घालायला गेल्यावर मान्यतेचा कागद आणि फीचा हिशोब बिनधास्त मागावा. विचारलेलं ज्या संस्थेला आवडत नाही, तिथे फॉर्म भरायची घाई करू नये.